सरकारी खर्चाने मुलांच्या दातांना तार : कोकणातील पालकांनी पात्रता कशी तपासावी

पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले किंवा हिरडीतच अडकून राहिलेले दात जागेवर आणण्याचा उपचार सरकारी खर्चाने, किंवा निदान सरकारी संस्थेत परवडेल अशा शुल्कात होऊ शकतो का, हा प्रश्न मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत अनेक पालकांना पडतो. महाराष्ट्रात प्रत्येक मुलाला मोफत तार लावून देणारी अशी एकच योजना नाही. मात्र ज्या मुलाला या उपचाराची खरोखर वैद्यकीय गरज आहे त्याच्यासाठी काही वाटा उघड्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती वाट आपल्या मुलाला लागू पडते हे उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा निदानावर आणि मुलाच्या वयावर जास्त अवलंबून असते. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी कागद गोळा केले जातात, मग योजनेची चौकशी होते आणि मुलाचे तोंड तज्ज्ञाला दाखवण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. तोवर मूल दहावीला पोचलेले असते आणि जबड्याच्या वाढीचा फायदा घेण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून येथे आधी गरज, मग वय, मग संस्था आणि शेवटी कागद असा क्रम ठेवला आहे.

गरज कशी मोजली जाते

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या या उपचारासाठी पात्रतेचे सर्वांत स्पष्ट मोजमाप इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत वापरले जाते. तेथे १८ वर्षांखालील मुलांना हा उपचार मोफत मिळतो, परंतु मागेल त्याला मिळत नाही. ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ साली मांडलेल्या प्रतवारीनुसार दातांच्या स्थितीला १ ते ५ अशी श्रेणी दिली जाते. चौथी आणि पाचवी श्रेणी पात्र ठरते, पहिली आणि दुसरी ठरत नाही, आणि तिसऱ्या श्रेणीतील मुलाच्या दातांचे दिसणे १ ते १० अशा वेगळ्या मापाने तपासून ते ६ किंवा त्याहून वाईट असेल तरच उपचार मंजूर होतो. आपल्याकडे अशी रेघ कोणत्याही शासन निर्णयाने आखलेली नाही. तरीही हे मोजमाप पालकांनी समजून घ्यावे असे मला आग्रहाने वाटते, कारण दंत महाविद्यालयातील ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात जागेवर आणणारे तज्ज्ञ, तपासणीत जे पाहतात ते याहून फारसे वेगळे नसते, आणि ‘दात वेडेवाकडे आहेत’ एवढेच सांगणाऱ्या पालकापेक्षा नेमके काय बिघडले आहे ते सांगणाऱ्या पालकाचे म्हणणे लवकर पोचते.

या प्रतवारीत पाच गोष्टी पाहिल्या जातात : न आलेले किंवा अडकलेले दात, वरचे दात किती पुढे आहेत, उलटा चावा, दातांची सरकलेली जागा आणि वरच्या दातांनी खालचे दात किती झाकले आहेत. दात पुढे असण्याचे माप घरीही अंदाजाने घेता येते, पण ते घेताना एक गफलत हमखास होते. मुलाला ‘दात दाखव’ म्हटले की ते खालचा जबडा पुढे सरकवून वरचे व खालचे समोरचे दात एकमेकांना टेकवते, आणि मग दात पुढे आलेलेच दिसत नाहीत. म्हणून मुलाला ताठ बसवून आधी आवंढा गिळायला सांगावा, मागच्या दाढा एकमेकांवर घट्ट बसल्यावर तसेच थांबायला सांगावे आणि मग बोटाने वरचा ओठ हलकेच उचलावा. वरच्या सर्वांत पुढे असलेल्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर कंपासपेटीतल्या लहान पट्टीने पाहावे. दोन-तीन मिलिमीटर अंतर स्वाभाविक आहे. ६ मिलिमीटरच्या वर गेले तर वरील प्रतवारीत ते चौथ्या श्रेणीत येते आणि ९ मिलिमीटरच्या वर गेले तर पाचव्या श्रेणीत. असे दात केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाहीत. ओठ मिटत नाहीत, मूल तोंडाने श्वास घेते, आणि सायकलवरून किंवा अंगणात पडले की पहिला मार त्याच दातांना बसतो.

उलटा चावा म्हणजे वरचे दात खालच्या दातांच्या आत जाणे. एखादाच दात आत असेल आणि जबडा मिटताना बाजूला सरकत नसेल तर गरज कमी धरली जाते. तो २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल, किंवा खालचा सगळा जबडाच इतका पुढे असेल की घास तोडताना अडचण येते किंवा बोलणे अस्पष्ट होते, तर गरज मोठी ठरते. खोल चाव्यात वरचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकतात. अशा मुलाने मोठा ‘आ’ केल्यावर वरच्या दातांमागे टाळूवर खालच्या दातांचे ठसे किंवा लालसर जखम दिसते का ते पाहावे, कारण जखम असणे आणि नसणे यांमुळे श्रेणी बदलते. शेजारशेजारचे दात एकमेकांपासून ४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेले असतील तर तेही चौथ्या श्रेणीत जाते.

घरी न दिसणारी, पण सर्वांत वजनदार बाब म्हणजे अडकलेला दात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एका बाजूचा वरचा सुळा आला आहे, दुसऱ्या बाजूला मात्र दुधाचा सुळा अजून घट्ट बसलेला आहे, असे दिसले तर कायमचा सुळा टाळूच्या बाजूला आडवा पडलेला असू शकतो. तो शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो आणि दुखत नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ओपीजी नावाच्या, संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये तो स्पष्ट दिसतो. बाहेरून रांगेत दिसणाऱ्या दातांच्या मुलाची गरज पाचव्या श्रेणीची निघते, ती अशी.

याउलट काही गोष्टींसाठी सरकारी खर्चाची अपेक्षा ठेवू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांमध्ये फट असेल तर ती पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. खालच्या समोरच्या दातांची किंचित दाटी, दातांचा पिवळसर रंग, किंवा लग्न ठरण्याआधी हसणे सुंदर व्हावे ही इच्छा, यांत गैर काहीच नाही. पण त्यासाठी रांगेत उभे राहिल्यास खूप वेळ जाईल आणि बहुधा नकारच मिळेल.

वय निसटू देऊ नये

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी असे सांगते, आणि त्यामागचे कारण आपल्या मुलांनाही तेवढेच लागू आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिल्या कायमच्या दाढा येतात, सात-आठव्या वर्षी वरचे समोरचे दात येतात, आणि जबड्यात जागा पुरणार की नाही याचा अंदाज तेव्हापासून बांधता येतो. तपासणी केली म्हणजे लगेच तार लावायची असे नाही. बहुतेक मुलांना ‘वर्षभराने पुन्हा दाखवा’ एवढेच सांगितले जाते, परंतु ती नोंद केसपेपरवर राहते आणि पुढे तीच कामाला येते.

या वयात सरकारी दवाखान्यात होऊ शकणारे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे दुधाच्या दाढा वाचवणे. ‘पडणारच आहेत, कशाला भरायच्या’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की मागची कायमची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा बळकावते आणि पुढच्या दाटीची सुरुवात तेथेच होते. दाढ काढावीच लागली तर त्या जागी स्पेस मेंटेनर, म्हणजे जागा राखणारी लहान तारेची पट्टी बसवता येते का, हे त्याच दिवशी दंतवैद्यांना विचारावे. काही महिन्यांनी विचारले तर जागा गेलेली असते. अंगठा चोखण्याची सवयही कायमचे समोरचे दात येण्याआधी सुटावी. त्यापुढे ती राहिली तर समोरचे दात मिटल्यावर मध्ये उघडी फट राहते.

खालचा जबडा मागे असल्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील, तर वाढीच्या वर्षांत काढता-घालता येणारी उपकरणे वापरून जबड्याच्या वाढीला वळण देता येते. त्यासाठी साधारण १० ते १३ वर्षांचा काळ उपयोगी असतो आणि मुलींमध्ये तो मुलांपेक्षा लवकर येऊन लवकर संपतो. हा काळ गेल्यावर दात काढून जागा करणे किंवा वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया करणे एवढेच पर्याय उरतात. म्हणूनच सहावी-सातवीतल्या मुलीच्या पालकांनी ‘दहावी झाल्यावर बघू’ असे म्हणू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

सर्वांत पक्की पात्रता : जन्मजात व्यंग आणि जबड्याची दुखापत

दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत सार्वजनिक खर्चाची बाजू सर्वांत भक्कम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये कोकणच्याच उत्तर टोकाला, पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि ओठ-टाळूचे व्यंग त्याच्या यादीत नावानिशी आहे. दातांचे आजारही यादीत आहेत. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, एवढी काळजी पालकांनी जरूर घ्यावी. शंका असेल तर मुलासोबत वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्यावी : ‘जेवताना त्रास होतो, दात टाळूला लागतात, कृपया पाहावे.’ घाईत चाललेल्या तपासणीत अशी चिठ्ठी दिसली की डॉक्टर थांबून पाहतात. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवावी, कारण जिल्हा रुग्णालयातील पुढच्या केंद्रात, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तीच दाखवायची असते.

ओठ-टाळूच्या मुलांचा प्रवास लांब असतो. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत आणि टाळूची साधारण वर्षाच्या आसपास होते. हिरडीतील हाडाची फट भरण्याची शस्त्रक्रिया साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, कायमचा सुळा उतरण्याआधी करतात आणि तिच्या तयारीसाठी अनेकदा आधी तार लावावी लागते. अनेक पालक टाळू शिवून झाली की उपचार संपला असे समजतात. मूल तिसरी-चौथीत गेले की त्याला पुन्हा त्याच रुग्णालयात नेऊन ‘आता दातांचे आणि हिरडीचे काय’ असे आवर्जून विचारावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची एकत्रित योजना येथे उपयोगी पडते. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांना महत्त्व असलेली ही योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया आणि जबड्याच्या अस्थिभंगासारख्या दुखापती तिच्यात बसतात. परंतु ही योजना मुळात रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात दर महिन्याला होणारे तारेचे काम आणि केवळ दिसण्यासाठीचे दंतोपचार तिच्यात येत नाहीत. कार्ड हातात आहे म्हणून तार मोफत मिळेल, असे कुणी गावात सांगत असेल तर त्यावर विसंबून मुंबईची गाडी पकडू नये. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीचा, कक्ष असतो. निदानाचा कागद दाखवून ‘या निदानाला योजनेत पॅकेज आहे का’ असा नेमका प्रश्न तेथे विचारावा, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. ‘दातांचे होते का’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच मिळते.

जबड्याची शस्त्रक्रिया लागणारी मोठी मुले धर्मादाय रुग्णालयांचाही विचार करू शकतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तेथे उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका निर्णायक ठरते.

बाकीच्या मुलांसाठी : दंत महाविद्यालय

व्यंग नाही, दुखापत नाही, पण दात ८ मिलिमीटर पुढे आहेत किंवा सुळा अडकला आहे, अशा मुलांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यासाठी खरी वाट सरकारी दंत महाविद्यालयाची आहे. तिची सुरुवात मात्र जवळच्याच रुग्णालयात करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतात. दापोली, कळंबणी, कामथे, कणकवली, सावंतवाडी, माणगाव अशा उपजिल्हा रुग्णालयांत किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. त्यामुळे तपासणी, कीड भरणे, दात काढणे आणि हिरड्यांची स्वच्छता एवढी कामे तेथेच उरकावीत. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या असताना कोणताही चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट तार लावत नाही. मुंबईला जाऊन ‘आधी दात भरून या’ असे ऐकून परत येणे टाळता येते. तेथून संदर्भ चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर मोजमापासह निदान लिहून मागावे.

ही निःशुल्क सेवा वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांना तशीच लागू नाही, हा फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे काही जिल्हा रुग्णालये आता वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत, तेव्हा केसपेपर काढतानाच शुल्काची चौकशी करावी. दंत महाविद्यालयात नोंदणी, एक्स-रे, दातांचे साचे आणि तारेचे साहित्य यांचे वेगवेगळे शुल्क असते. सगळे मिळूनही ते खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी पडते. पिवळी शिधापत्रिका असेल तर कोणत्या शुल्कात माफी आहे हे नोंदणीच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी विचारावे, कारण पैसे भरून पावती फाटल्यावर सवलत मागणे अवघड होते.

आता कोणते महाविद्यालय, हा प्रश्न. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते इतके जवळ आहे की रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे उतरणाऱ्या पालकांना दिवसभरात काम आटोपून रात्रीच्या गाडीने परतता येते. मुंबई सेंट्रलजवळ महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागांतील लोकांना बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय कितीतरी जवळचे आहे. मात्र ते गोवा सरकारचे असल्याने गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठीचे नियम आणि दर आधी विचारूनच नाव घालावे. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला, तसेच नवी मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात आणि सांगलीकडे खासगी दंत महाविद्यालये आहेत. ती सार्वजनिक खर्चात मोडत नाहीत. तरीही शिकवणी विभागातील दर कमी असतात, आणि घरापासून तासाभरावरचे थोडे महाग महाविद्यालय हे बारा तासांवरच्या स्वस्त महाविद्यालयापेक्षा शेवटी स्वस्त पडू शकते.

हा हिशोब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. तारेचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते, म्हणजे वीसेक खेपा सहज होतात. प्रत्येक खेपेला मुलाची शाळा, पालकांची मजुरी आणि दोघांचा प्रवासखर्च जातो. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने आईने मुलाला नेले तर खर्च कमी होतो. मुंबईत काका-मामा राहत असतील आणि मूल तेथेच शिकणार असेल तर मुंबईचे महाविद्यालय योग्य. पण गावी आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलाला दर महिन्याला कोण नेणार, हे ठरवल्याशिवाय तार लावू नये. अर्धवट सोडलेली तार दातांचे नुकसान करते : ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या लहान तुकड्यांभोवती, कीड धरते आणि दात नको तिकडे सरकतात. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक बदलते, दरडी कोसळून रस्ते बंद होतात. म्हणून शक्यतो गणपती झाल्यावर उपचार सुरू करावा, म्हणजे सुरुवातीच्या महत्त्वाच्या खेपा कोरड्या हवेत होतात.

महाविद्यालयात उपचार पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि वरिष्ठ प्राध्यापक तपासतात. हे डॉक्टर पात्र दंतवैद्यच असतात, त्यामुळे मनात किंतु ठेवू नये. मात्र त्यांचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नाव लागले तर मध्येच डॉक्टर बदलतात आणि नव्या डॉक्टरांना सगळे पुन्हा समजून घ्यावे लागते. ‘उपचार पूर्ण होईपर्यंत आपणच असाल का’ असे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नवीन रुग्ण घेत असतात तेव्हा नाव घालणे सर्वांत सोयीचे. प्रतीक्षायादी असेल तर यादीतला क्रमांक आणि तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि दिलेला फोन नंबर चालू ठेवावा; नंबर बदलल्यामुळे बोलावणे पोचले नाही तर हाती आलेली संधी हुकते.

पालकांपैकी कुणी सरकारी, रेल्वे किंवा विमा योजनेत येणाऱ्या कारखान्यातील नोकरीत असेल तर त्या नोकरीच्या वैद्यकीय नियमांतही पाहावे. या सर्व ठिकाणी एकच पथ्य आहे : परवानगी आधी, उपचार नंतर. प्रतिपूर्तीची मागणी करताना ‘उपचार सौंदर्यासाठी नसून वैद्यकीय गरजेचा आहे’ असे तज्ज्ञांचे लेखी प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते गरजेच्या मोजमापावरच उभे राहते.

कागद

कागदांची यादी लांब नाही, अडचण तपशिलात असते. सर्वांत जास्त अडणारी गोष्ट म्हणजे शिधापत्रिकेवर मुलाचे नाव नसणे. थोरल्याचे नाव असते, धाकटीचे घालायचे राहून गेलेले असते, आणि आरोग्यमित्राच्या टेबलासमोर पत्रिका उघडल्यावर ते पहिल्यांदा लक्षात येते. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव आधीच वाढवून घ्यावे आणि शिधापत्रिकेचा ऑनलाइन बारा आकडी क्रमांक मिळाला आहे याची खात्री करावी. आधारवरचे नाव, जन्मदाखल्यावरचे नाव आणि शाळेतले नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तोही आताच दुरुस्त करावा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो आणि शाळांच्या प्रवेशाच्या दिवसांत तेथे गर्दी असते, म्हणून तो जून उजाडण्याआधी काढावा. चाकरमान्यांच्या घरी शिधापत्रिका मुंबईच्या पत्त्यावर आणि मूल गावी, असे पुष्कळदा असते. जन आरोग्य योजनेसाठी त्याने अडत नाही, कारण राज्यातील योजनेत सामील असलेल्या कोणत्याही रुग्णालयात उपचार घेता येतो. अडते ते संमतीपत्रावर. मूल अल्पवयीन असल्याने पहिल्या खेपेला आई किंवा वडिलांनी स्वतः जाऊन सही करावी. पुढच्या खेपांना आजोबा किंवा मावशी नेणार असतील तर तसे लेखी देऊन ठेवावे. जुने एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद आणि संदर्भ चिठ्ठी एकाच फाइलमध्ये ठेवून प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण आपल्या हवेत कागदांना बुरशी लवकर लागते.

निवड झाल्यावर आणि नकार मिळाल्यावर

निवड होणे म्हणजे उपचार हक्काने शेवटपर्यंत मिळेलच असे नाही. लागोपाठ तारखा चुकवणाऱ्या किंवा दात स्वच्छ न ठेवणाऱ्या मुलाचा उपचार थांबवला जाऊ शकतो, आणि सार्वजनिक खर्चाच्या ठिकाणी ते योग्यच आहे, कारण त्याच खुर्चीसाठी दुसरे मूल वाट पाहत असते. प्रत्येक जेवणानंतर घासणे, शाळेच्या दप्तरात छोटा ब्रश ठेवणे आणि काही पदार्थ दोन वर्षे बाजूला ठेवणे भाग आहे. जत्रेतले खाजे, ऊस, खोबऱ्याची कातळी, कडक काजूगर ब्रॅकेट उखडतात. आंबापोळी आणि फणसपोळी तारेत अशी चिकटून बसते की ब्रशनेही निघत नाही. ब्रॅकेट निघालेच तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये, विभागात फोन करावा. तार काढल्यानंतरचा रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी टिकवून धरणारे उपकरण, हाही उपचाराचाच भाग आहे. तो वापरला नाही तर दात परत जुन्या जागेकडे सरकतात, आणि दुसऱ्यांदा तेवढ्याच कमी खर्चात उपचार मिळणे कठीण असते.

नकार मिळाला तर त्याचे कारण केसपेपरवर लिहून मागावे. कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचे पुढचे पाऊल वेगळे आहे. ‘गरज सौम्य आहे’ असे असेल तर वर्षभराने पुन्हा मोजमाप करून घ्यावे, कारण वाढत्या वयात अंतर बदलते. ‘अजून लवकर आहे’ असे असेल तर कोणत्या वयात किंवा कोणता दात आल्यावर परत यायचे ते विचारून तो महिना कालनिर्णयावर लिहून ठेवावा. ‘आधी कीड भरा’ असेल तर ते काम उपजिल्हा रुग्णालयात होते. ‘यादी भरली आहे’ असेल तर दुसऱ्या महाविद्यालयात त्याच कागदांवर नाव घालता येते. ‘वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया लागेल’ असे सांगितले असेल तर ते निदान, एक्स-रे आणि साच्यांचे फोटो जपून ठेवावेत आणि मुलगी सोळा-सतरा वर्षांची, मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की तीच फाइल घेऊन दंत महाविद्यालयातील मुखशल्य विभागात जावे. रुग्णालयात दाखल करून होणारा उपचार असल्याने तेव्हा आरोग्यमित्राकडे पॅकेजची चौकशी पुन्हा नव्याने करावी.